शेवटून दुसरी

मुलांनो, तुमच्या वर्गात टोपणनावं आहेत ना? असणारच. आमच्याही वर्गात आहेत. सतत बडबडणारीला 'रेडिओ' म्हणतात, डब्यात रोज बटाट्याची भाजी आणणाऱ्याला 'बटाटा'. ही नावं मला ठाऊकच नाहीत, असं नाटक बाई म्हणून मला करावं लागतं. पण त्यातलं एक नाव मी स्वतः ठेवलं होतं, आणि ते मात्र मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

झालं असं. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या शाळेच्या क्रीडास्पर्धा होत्या. माजिवड्यातली आमची शाळा लहान आणि मैदान त्याहून लहान. शंभर मीटर पळायचं तर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकं पळावं लागतं, तरी दहा-बारा मीटर कमीच पडतात. माइक माझ्याकडे होता. तिसरीची शर्यत सुटली. पहिला आला, दुसरा आला, तिसरी आली, सगळे आले. आणि बऱ्याच वेळानं एक मुलगा धापा टाकत, एका हातानं चड्डी सावरत आला. मला त्याचं कौतुकच करायचं होतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं. मी माइकवरून म्हटलं, "आणि हा आला आपल्या गाडीचा शेवटचा डबा! वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. हशाही पिकला. पालक हसले, मुलं हसली, तोही हसला. मी ते विसरूनही गेले.

जानेवारीपासून दर गुरुवारी त्याचं पोट दुखायला लागलं. आमच्याकडे गुरुवारी पी.टी. असते. त्याची आई बाळकुमला दोन घरी स्वयंपाकाला जाते. ती एक दिवस कामावरून तशीच शाळेत आली. म्हणाली, "बाई, याचं पोट बुधवारी दुखत नाही, शुक्रवारी दुखत नाही. गुरुवारी सकाळीच कसं दुखतं हो?" मी म्हटलं, "जंतांचं औषध देऊन बघा." बघा आमची हुशारी!

फेब्रुवारीत एकदा मी वर्गात कविता राऊतची गोष्ट सांगत होते. नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात सावरपाडा नावाचं छोटं आदिवासी गाव आहे. तिथली ही मुलगी. लहानपणी लांबून पाणी आणायची, अनवाणी पळायची. हीच मुलगी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावली आणि तिनं कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझू इथं आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. मी रंगात येऊन म्हटलं, "म्हणून सगळे तिला काय म्हणतात माहीत आहे? सावरपाडा एक्स्प्रेस!"

तेवढ्यात मागून आवाज आला, "आणि बाई, आपल्याकडे शेवटचा डबा!"

सगळा वर्ग खो खो हसला. तो खाली मान घालून पट्टीनं बाकाची खाच कोरत बसला. मी कडाडले, "कुणी ठेवलं हे नाव?"

एकदम शांतता. मग पहिल्या बाकावरची 'रेडिओ' उभी राहिली आणि अगदी सरळ म्हणाली, "बाई, तुम्हीच."

मुलांनो, मोठ्या माणसांच्याही पोटात कधी कधी खड्डा पडतो. मी वर्गासमोर चूक कबूल केली, हे नाव पुन्हा कुणी घ्यायचं नाही असं बजावलं. पण नाव पाटीवरच्या अक्षरासारखं थोडंच असतं, ओल्या फडक्यानं पुसलं की गेलं? माझ्यासमोर ते बंद झालं, जिन्यात चालूच राहिलं.

मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावलं. म्हटलं, "शेवटी आलं म्हणून काय झालं रे? भाग घेतला हे महत्त्वाचं." हे वाक्य तुम्हीही शंभरदा ऐकलं असेल. त्यानं ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला नाही कळणार. तुम्ही पळत नाही ना."

खरंच होतं. डी.एड.ला असताना मी थोडी कबड्डी खेळले होते. त्यानंतर माझं पळणं म्हणजे ठाणे स्टेशनवर जिना चढताना लोकल दिसली तर, तेवढंच. मी म्हटलं, "बरं. पळते."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला साकेत रस्त्यावर गेले. गल्लीतला दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, "मॅडम, काय झालं? बस चुकली का?" रस्त्यावरच्या दिव्यांच्या दोन खांबांमधलं अंतर मी पावलांनी मोजलं, ते साधारण ३० मीटर भरलं. पहिल्या दिवशी मी सहा खांब पळले. सहाव्या खांबाला मिठी मारून उभी राहिले, तेव्हा मला खांबाचा थंडपणा फार आवडला.

मी हे वर्गात सांगितलं. (का सांगितलं कोण जाणे! आता सुटका नव्हती.) मुलांनी फळ्याच्या कोपऱ्यात रोज खांब लिहायला सुरुवात केली. सहा. सात. सात. नऊ. एक दिवस शून्य, कारण मी झोपून राहिले होते.

साकेत रस्त्यावर रोज पळायला येणारे एक आजोबा भेटले. पांढरे केस, पाय बांबूच्या काठीसारखे. ते म्हणाले, "ताई, तुम्ही पळत नाही, पळून जाताय. इतक्या हळू पळा की बोलता आलं पाहिजे." बोलायला सोबत कुणी नव्हतं, म्हणून मी पाढे म्हणायला लागले. दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं, आणि एकोणतीसचा पाढा. 'एकोणतीस सत्ते दोनशे तीन' म्हणताना श्वास तुटला, की समजायचं, वेग जास्त झाला. ही युक्ती अगदी शास्त्रशुद्ध आहे बरं का. आपण झेपेल तेवढंच पळतो तेव्हा स्नायूंना लागणारा प्राणवायू श्वासातून पुरतो, म्हणून बोलताही येतं. वेग वाढला की तो पुरत नाही आणि धाप लागते. पाढेही पक्के झाले, हा वरचा फायदा.

२०२५ साली पाऊस लवकर आला. मुंबईत २६ मेलाच मोसमी पाऊस हजर झाला आणि माझे बूट जे भिजले ते भिजलेच. ओल्या बुटात सुती मोजे घातले की ते पाणी धरून ठेवतात, कातडीला घासतात, आणि टाचेला फोड येतो. हे मला आजोबांनी सांगितलं, पण फोड आल्यावर. घरी आल्यावर बुटात रद्दी कोंबून ठेवायची, ती पाणी शोषून घेते. (रद्दी म्हणजे जुनी वर्तमानपत्रं. हा अंक नव्हे!)

जूनमध्ये वर्ग चौथीत गेला, त्यांच्याबरोबर मीही चौथीत गेले. आणि मग बातमी आली की ठाण्याची वर्षा मॅरेथॉन पुन्हा होणार. तुमच्या आईबाबांना ही मॅरेथॉन आठवत असेल. ठाणे महापालिकेची ही स्पर्धा दरवर्षी ऐन पावसाळ्यात व्हायची, म्हणून वर्षा मॅरेथॉन. कोविड आला आणि ती बंद पडली. तुमच्यातल्या लहानांनी ती पाहिलेलीच नव्हती. १० ऑगस्ट २०२५ ला ती पुन्हा सुरू झाली, ती एकतिसावी. मोठी शर्यत २१ किलोमीटरची.

"बाई, पण मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते," 'बटाटा' म्हणाला. त्याचं बरोबर होतं. पूर्ण मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची. हा वरचा १९५ मीटरचा हिशेब लंडनमधला. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून मैदानातल्या राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवायची ठरली, म्हणून ते अंतर तेवढं झालं. पुढे १९२१ मध्ये तेच कायम केलं. आमची होती ती अर्धी मॅरेथॉन. पण बोलताना सगळे मॅरेथॉनच म्हणतात, आणि खरं सांगू, मीही तसंच म्हणते. अर्धी म्हटलं की पळून आल्यावर कौतुकही अर्धंच होतं!

मुलांनी लगेच गणित केलं. २१ किलोमीटर म्हणजे २१,००० मीटर, भागिले ३०, म्हणजे ७०० खांब. मी तेव्हा एका किलोमीटरला साडेआठ मिनिटं घेत होते. २१ गुणिले साडेआठ म्हणजे १७८.५ मिनिटं, म्हणजे तीन तासांना दीड मिनिट कमी. 'रेडिओ' म्हणाली, "बाई, तोपर्यंत पहिल्या नंबरचा घरी जाऊन आंघोळ करून झोपेल." हा मुलगा मात्र काहीच बोलत नव्हता. गुरुवारचं पोट अजून दुखतच होतं.

त्याच आठवड्यात मी त्यांना शेवटच्या माणसांच्या दोन गोष्टी सांगितल्या. मुद्दाम शोधून आणल्या होत्या.

पहिली जॉन स्टीफन अखवारीची. हा टांझानियाचा धावपटू. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळताना तो पडला, गुडघ्याला जबर मार लागला. पट्टी बांधून तो तसाच निघाला. ७५ जण सुटले होते, त्यातले १८ जण मध्येच थांबले. अखवारी ५७ वा आला, म्हणजे शेवटचा. पहिला आलेला इथिओपियाचा मामो वोल्डे त्याच्या आधी तासाभराहूनही जास्त वेळ पोचला होता. अंधारत आलेल्या मैदानात हा लंगडत आला आणि उरलेल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. वर्गाला ही गोष्ट आवडली. त्याला आवडली की नाही, कळलं नाही.

दुसरी जपानच्या शिझो कानाकुरीची. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनच्या दिवशी भयंकर ऊन होतं. कानाकुरीच्या पायात जपानी पद्धतीचे कापडी बूट होते. वाटेत त्याला उन्हाचा त्रास झाला. रस्त्याकडेच्या एका घरातल्या लोकांनी त्याला बागेत बसवलं, सरबत दिलं. बरं वाटल्यावर तो पंचांना न कळवता परस्पर निघाला आणि जपानला परत गेला. स्वीडनच्या लोकांच्या कागदावर तो हरवलेलाच राहिला! पुढे १९६७ साली त्यांनी त्याला सन्मानानं बोलावलं. तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. त्यानं राहिलेली शर्यत पुरी केली. त्याची वेळ जाहीर झाली ती अशी: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि वर २० सेकंद.

वर्ग हसून हसून लोळला. तो हसला नाही. त्यानं हात वर केला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. "बाई, त्यांनी पंचांना सांगितलं का नाही?"

मी म्हटलं, "लाज वाटली असेल."

तो म्हणाला, "हां," आणि खाली बसला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी रक्षाबंधन होतं. आमच्या शेजारच्या काकूंनी नारळी भाताचा डबा पाठवला, आणि बरोबर निरोप, "उद्या पळायचंय, तेव्हा दोन वाट्या खा." काकूंना माहीत नसेल, पण मोठे धावपटूही आदल्या दिवशी भात, बटाटे, शेवया असं पिष्टमय खातात. ते शरीरात स्नायूंमध्ये आणि यकृतात साठतं आणि दुसऱ्या दिवशी पळताना इंधन म्हणून वापरलं जातं. मी तीन वाट्या खाल्ल्या.

सकाळी पाचपाखाडीला महापालिकेच्या मुख्यालयापाशी ही गर्दी! छातीवर नंबराचा कागद, चार कोपऱ्यांना चार टाचण्या. माझ्या शेजारी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींचा एक घोळका होता, कुठल्याशा गावाहून आपल्या सरांबरोबर आदल्या रात्री आलेला. त्यांच्या सामानापाशी एका मुलीनं बूट नाड्यांनी एकमेकांना बांधून ठेवले होते. मी विचारलं, तर म्हणाली, "ओले झाले की जड होत्यात. मी अशीच पळते." मला अबेबे बिकिला आठवला. इथिओपियाचा हा धावपटू १९६० साली रोमच्या रस्त्यांवर अनवाणी पळाला होता आणि सुवर्णपदक घेऊन गेला होता. मी तिला सांगणार होते, पण ती हातपाय झटकण्यात गुंग होती. अशा वेळी बाईपणा करू नये.

सुटलो. पहिला किलोमीटर फार मजेचा असतो. ढोल, ताशा, गॅलरीतून हात हलवणारी माणसं. नितीन कंपनी आली, कॅडबरी नाका आला, चार-एक किलोमीटरवर आमचा माजिवडा आला. माझा वर्ग नाक्यावर उभा होता! सगळे नव्हते, पण चौदा-पंधरा जण होते. 'बटाटा'च्या हातात पुठ्ठा होता, 'आमच्या बाई पळतात'. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, पळता पळताही मी तेवढं बघून घेतलं. मग मी त्याला शोधलं. तो दिसला नाही.

पुढे साडेपाच किलोमीटरच्या आसपास समोरून मोटारसायकल आली आणि तिच्या मागोमाग पहिले धावपटू. ते वळून परतही निघाले होते! तुम्ही दूरदर्शनवर धावपटू पाहिले असतील. तिथं त्यांचा वेग कळत नाही. बाजूनं गेले की कळतो. आणि आवाज नाही. माझ्या पावलांचा थपाक थपाक आवाज अख्ख्या घोडबंदर रस्त्याला ऐकू जात होता, आणि ते मांजरासारखे निघून गेले.

एक बारीक सर आली आणि गेली. मग उकाडा सुरू झाला. आपण पळतो तेव्हा स्नायूंत जी ऊर्जा खर्च होते, तिच्या चार वाट्यांपैकी तीन वाट्या नुसती उष्णता होते. घाम वाळला की अंग निवतं. पण ऑगस्टच्या दमट हवेत घाम वाळतो कुठे? तो नुसता निथळतो. म्हणून प्रत्येक टेबलापाशी थोडं पाणी प्यायचं आणि थोडं डोक्यावर ओतायचं. एका स्वयंसेवक मुलीनं मला लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ दिलं. घामातून मीठही जातं, नुसतं पाणी पीत राहून चालत नाही.

आणखी एक शोध. घोडबंदर रस्ता सपाट आहे, असं मला वाटायचं. रिक्षात बसणाऱ्याला सगळेच रस्ते सपाट. त्या दिवशी मला तिथला प्रत्येक चढ भेटला.

बाराव्या किलोमीटरला उजव्या बरगडीखाली टोचायला लागलं. चौदाव्याला टाचेचा फोड फुटला. माझ्या पुढे कुणी दिसत नव्हतं, मागे तर बघायचीच हिंमत नव्हती. मेट्रोचे खांब मोजायचे ठरवलं, तर ते इतके लांब लांब, की उत्साहच गेला. मी चालायला लागले. मागून आलेली एक रुग्णवाहिका हळू झाली. चालकानं काच खाली करून अदबीनं विचारलं, "ताई, बसताय का?"

मी हो म्हणणार होते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते. तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून मान हलवली, आणि ती नको अशी हलली.

थोडं पुढे गेले. पलीकडच्या बाजूला एक स्कूटरवाला थांबला होता. चांगला हसतमुख माणूस. माझ्याकडे बघून ओरडला, "चला ताई, चला! उद्यापर्यंत नक्की पोचाल!" आणि त्यानं टाळ्याही वाजवल्या. त्याच्या मागे बसलेली त्याची बायको हसली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मीही हसले. आणि हसता हसता मला मैदानावरचं त्याचं हसणं आठवलं. तोही असाच हसला होता, धापा टाकत, चड्डी सावरत, माझ्या माइकसमोर.

मी पुन्हा पळायला लागले. पळणं कसलं, पाय उचलून पुढे टाकत होते. कापूरबावडी. मग सतराव्या किलोमीटरला पुन्हा माजिवडा. नाका रिकामा होता. वर्ग घरी गेला होता. त्यांची चूक नाही, तासन् तास उपाशी किती उभं राहणार? पुठ्ठा तेवढा रेलिंगला टेकवून ठेवलेला होता. आणि त्याच्या शेजारी कठड्यावर तो बसला होता. मनगटावर कालची मोठी, चमचमणारी राखी, मांडीवर वही. थोडं मागे त्याची आई पिशवी घेऊन उभी.

त्यानं उडी मारली आणि पदपथावरून माझ्या बाजूनं पळायला लागला. पहिला प्रश्न विचारला, "बाई, फोड आला का?"

"आला."

"मला पण येतो." मग खिशातून खडीसाखरेची पुडी काढून दिली. कागद ओला झाला होता, निम्मी विरघळली होती.

मी विचारलं, "सकाळी कुठे होतास?"

"पलीकडे. मी मोजत होतो." त्यानं पळता पळता वही उघडून दाखवली. पाचाच्या जुड्या मारतो ना आपण, चार उभ्या रेघा आणि एक आडवी, तशा रेघांनी पानं भरली होती. जाताना किती गेले, येताना किती आले. "बाई, तुम्ही शेवटच्या नाही. पिवळ्या टोपीवाले काका अजून यायचेत."

"नक्की?"

"मी मोजलंय ना." मग तो थोडा वेळ नुसता पळाला. माझी वेळ बरी नव्हती म्हणून असेल, पण तो माझ्यापेक्षा चांगला पळत होता. मी त्याला काही म्हणणार होते. पी.टी.बद्दल, माइकबद्दल. बरंच काही जुळवून ठेवलं होतं. पण श्वासच नव्हता. एकोणतीसचा पाढासुद्धा म्हणता आला नसता.

तोच थांबला. मागे वळून बघितलं. म्हणाला, "बाई, तुम्ही जा आता. मी काकांसाठी थांबतो. त्यांना कुणीच नाही." आणि उलटा फिरून कठड्याकडे पळत गेला.

मी पोचले तेव्हा घड्याळात तीन तास नऊ मिनिटं झाली होती. मी बूट काढून तिथेच बसून राहिले. घरी जायची शक्ती नव्हती हे एक, आणि मला ती पिवळी टोपी बघायची होती, हे दुसरं. ती आली एकवीस मिनिटांनी. साठीच्या पुढचे गृहस्थ, एका गुडघ्याला पट्टा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षांपूर्वी हीच शर्यत पळायचे, म्हणाले, तेव्हाची प्रमाणपत्रं अजून कपाटात आहेत. मध्ये गुडघा गेला, मग कोविड. पाण्याची अख्खी बाटली डोक्यावर रिकामी करून ते म्हणाले, "माजिवड्याला एक पोरगं भेटलं हो. कॅडबरीपर्यंत आलं माझ्याबरोबर. आई मागून चालतेय, हा पुढे. मला म्हणतो, काका, माझ्या बाई पुढेच आहेत, गाठा त्यांना!"

सोमवारी शाळेत मला जिना उतरता येत नव्हता. चढता येत होता, उतरता येत नव्हता. मुलांनी फार करमणूक करून घेतली. पहिल्या तासाला त्यानं हात वर करून विचारलं, "काका आले का?"

"आले."

"किती वेळात?"

मी फळ्यावर दोन वेळा लिहिल्या. माझी तीन तास नऊ मिनिटं, काकांची तीन तास तीस मिनिटं. त्याला फळ्यापाशी बोलावलं. त्यानं आधी मिनिटं केली: १८९ आणि २१०. मग २१ नं भागलं. "तुमची बरोबर नऊ. काकांची बरोबर दहा." बाकी शून्य आली म्हणून तो फार खूश झाला. भागाकारात त्याची बाकी नेहमी उरते.

"काका म्हणालेत, पुढच्या वर्षी नऊवर आणणार," मी सांगितलं.

"मग तुम्हाला साडेआठ करावे लागतील," तो म्हणाला.

त्या गुरुवारी त्याचं पोट पुन्हा दुखलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी नाही दुखलं. मैदानावर चिखल होता, तरी सरांनी एक फेरी पळायला लावली. मी व्हरांड्यातून बघत होते. माइक नव्हता, आणि मी तोंड उघडलं नाही. तो शेवटून दुसरा आला. 'बटाटा'च्या बुटाची नाडी सुटली होती.